गाठींविषयी मी अर्धंच बोलले

बाई,

बोलताना मी अडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लिहिताना मात्र आवाज चढवता येत नाही, टाळी कुठे पडेल याचा अंदाज येत नाही, आणि वाचणाऱ्या तुम्ही आहात असं मनात आणलं की दुसऱ्याच वाक्याला मी अडते. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हे पत्र कुठे पोचणार नाही, हे कळतं मला. पण जे सांगायचं आहे ते जिवंत माणसांपैकी नवऱ्याशिवाय कुणाला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही, आणि त्यालाही मी निम्मंच सांगितलंय.

तुमचं निलंग्याचं घर आठवतं. पुढच्या खोलीत तुमच्या एका भावाचं शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर. शाळा सुटली की मी तिथेच. तुम्ही स्टोला पंप मारता, तो भरभर आवाज करायला लागतो, तव्यावर भाकरी पडते, आणि तुम्ही पाठमोऱ्याच म्हणता, "हं, कर सुरू. स्टोच्या वर आवाज गेला पाहिजे." मी चौकटीला पाठ टेकून सुरू करते. माझा आवाज आज हजार माणसांत माइकशिवाय पोचतो, तो त्या स्टोमुळे. गावात काहीजण म्हणायचे, मराठी शिकवायला मुसलमानाचीच बाई मिळाली का. आमच्या वस्तीत काहीजण म्हणायचे, बौद्धाची पोर त्यांच्यात जेवायला जाते. तुम्ही दोन्हीकडच्या लोकांना घरी बोलावून चहा पाजलात, आणि दोन्हीकडचे चहा पिऊन तेच बोलत राहिले. तुम्हाला त्याचं हसू यायचं.

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. टँकर आला की अख्खी गल्ली भांडी घेऊन धावायची. तुमच्या मोरीपाशी एक घागर वेगळी, झाकण ठेवलेली असायची. त्यातलं पाणी कुणी घ्यायचं नाही, तुमच्या भावांनीही नाही. मला वाटायचं ती वजूची आहे. मी घरी जाऊन मोठ्या कौतुकानं आईला सांगितलं, आमच्या बाई प्यायला कमी पडलं तरी नमाजाचं पाणी राखून ठेवतात. आईनं लगेच विषय बदलला. ती घागर कशासाठी होती, ते मला कळायला फार वर्षं जावी लागली. आता लातूरला आमच्या नळाला कधीतरीच पाणी येतं आणि माझ्याही मोरीत तशी एक बादली असते. तिला घरातलं कुणी हात लावत नाही. कुणी विचारतही नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आधी जिल्ह्याचं काम म्हटलं की उस्मानाबाद गाठावं लागे. आता आपला जिल्हा, आपलं कलेक्टर ऑफिस, म्हणून माणसं उगाच खुशीत होती. त्याच खुशीत लातूरला शाळांची वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय होता लहान जिल्हे झाल्यानेच विकास होतो की नाही. कुठल्या बाजूने बोलायचं ते तिथे चिठ्ठी उचलल्यावर कळणार, म्हणून दोन्ही बाजू तयार ठेवायच्या. मी एकच केली. आपला जिल्हा झालाय, बाई, त्याच्या विरुद्ध मी काय म्हणून बोलू, असं तुम्हालाच ठणकावून विचारलं. तुम्ही भाकरी उलटवलीत आणि शांतपणे म्हणालात, विरुद्ध बोलायचं म्हणजे विरुद्ध व्हायचं असं नाही. समोरच्याला काय दिसतं ते तुलाही दिसतंय का, एवढंच बघायचं असतं. मी ऐकलं नाही. चिठ्ठी नेमकी विरुद्धची निघाली. मी उभी राहिले आणि बाजूनंच बोलले, दणकून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी बाद केलं. पुढे कितीतरी सभांत मी हा किस्सा सांगितला, आणि दर वेळी त्याला टाळी मिळाली.

तुम्ही त्या दिवशी रागावला नाहीत. मला एक काम आहे म्हणालात आणि एका दवाखान्यात घेऊन गेलात. मला बाहेर बाकावर बसवून आत गेलात. बाहेर आलात तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. स्टँडवर आलो. निलंग्याच्या गाडीला वेळ होता. तुम्ही बाकावर आधी वर्तमानपत्र अंथरलंत, मग बसलात. हे तुम्ही गेलं वर्षभर शाळेतही करत होता, आणि आम्ही पोरी त्यावरून आपापसात हसायचो, बाईंना धुळीचं लई वावडं हाय म्हणून. चहाचा कप हातात धरून तुम्ही म्हणालात, "आता माझ्या विषयावर बोल. पिशवीत गाठी झाल्यात. डॉक्टर म्हणतात, पिशवीच काढून टाका. काढावी की काढू नये? आधी विरुद्ध बोल. तुला जे आवडेल तेच आधी."

शाळकरी पोरीला तुम्ही हे का सांगितलंत, हे मला आजही नीट कळत नाही. दुसरं कुणी नसेल. तुमचं लग्न झालेलं नव्हतं, भाऊ धाकटे, त्यांच्याशी हे बोलायचं नाही, शाळेत तर नाहीच. तुम्ही सहज सांगितलंत की डॉक्टर म्हणाले, लग्न केलेलं नाही, मग पिशवी ठेवून करणार काय. त्या वाक्यावर मी पेटले. बाई, मी काय बोलले ते मला अजून पाठ आहे. शरीर कुणाचं, निर्णय कुणाचा, लग्नाशिवाय बाईला शरीरच नसतं का. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तुम्ही हातानं आवाज खाली घे अशी खूण केलीत, पण मी कुठली थांबते. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं भाषण. संपलं तेव्हा तुमचे डोळे भरले होते आणि मला वाटलं, जिंकलं.

मग तुम्ही म्हणालात, "आता बाजूनं."

मी नाही म्हणाले. त्या बाजूला बोलण्यासारखं काही नाहीच, असं म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवलात. "अर्धंच बोललीस, बेटा. बाकीचं अर्धं मग मला एकटीलाच बोलावं लागेल." तेवढ्यात गाडी लागली आणि खिडकीपाशी जागा धरायला मी धावले.

मेच्या सुट्टीत तुम्ही नांदेडला मावशीकडे गेलात. शाळा उघडली तेव्हा तुम्ही फिकट पिवळी साडी नेसून आलात. आधी वर्षभर आम्ही तुम्हाला जांभळ्या, काळपट, गर्द साड्यांतच बघितलं होतं. त्या दिवशी तुम्ही अख्खा तास उभं राहून शिकवलंत, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत आलात. पोरी म्हणाल्या, बाई किती छान दिसतात. मी सगळं ओळखलं, आणि मला तुमची लाज वाटली. तुम्ही हरलात असं वाटलं. एवढं मी बोलले, एवढं तुम्ही ऐकलंत, आणि तरी जाऊन काढून आलात. कितीतरी दिवस मी तुमच्या स्वयंपाकघरात आले नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत. दहावी होऊन मी लातूरला शिकायला निघाले तेव्हा मात्र तुम्ही आमच्या घरी आलात, आईशी बोललात आणि तुमची ती गर्द जांभळी साडी माझ्या हातात ठेवलीत. मला आता तिचं काम नाही, तू सभेत नेस, उठून दिसशील, असं म्हणालात.

पुढचं तुम्ही थोडंसं बघितलंत, बाकीचं नाही. मी बोलत गेले. आमच्या भागात, मुखेडकडे, निलंग्याकडे, बायांच्या पिशव्या ज्या तऱ्हेनं काढल्या जातात ते बघून माझं डोकं फिरलं. पोटात दुखतंय म्हणून गेली, पिशवी काढली. पांढरं जातंय, पिशवी काढली. कॅन्सर होईल अशी भीती घालायची, आणि दुसऱ्या दिवशी बाई टेबलावर. गाठी साध्या असतात, त्यांचा कॅन्सर होणं अगदी क्वचित, हे कुणी सांगत नव्हतं. मी सांगत होते. ते खोटं नव्हतं, बाई, आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. 'पिशवी आमची, सुरी तुमची' अशी घोषणा मी दिली आणि ती गावोगाव चालली. त्या भाषणात तुम्ही असायचात. नाव न घेता. "माझ्या एका बाईंना डॉक्टर म्हणाले, लग्न नाही तर पिशवी कशाला" इथे मी थांबायची, आणि सभेत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. मग मी सांगायची की त्यांची पिशवी गेली. पिवळ्या साडीचं मी कधी सांगितलं नाही. शेवटच्या बाकापर्यंत चालत आलात ते सांगितलं नाही. तिथे भाषण पडलं असतं.

आणि मग मला सुरू झालं. पाळी लांबत गेली, पुढे तर महिन्यातले थोडेच दिवस कोरडे राहिले. मी निळ्या साड्या नेसायला लागले, गडद निळ्या. लोकांना वाटतं ती माझ्या विचारांची खूण आहे. एका तरुण कार्यकर्त्यानं तर त्यावर लेखही लिहिला. बाई, डाग दिसू नये म्हणून नेसते मी. मोरीतली ती बादलीही डागांचे कपडे धुवायला, तुमच्या घागरीसारखी. तुमची जांभळीही ट्रंकेतून बाहेर निघाली. माझी भाषणं आटोपशीर झाली तेव्हा लोक म्हणाले, ताईंना आता नेमकेपणा आला. मला उभं राहवत नव्हतं, एवढंच. जिना चढताना धाप लागायची, नखं पांढरी पडली होती, आणि हे सगळं मी लपवत होते. रक्ताच्या गोष्टीत लाज कसली, असं बायांना दरडावून सांगणारी मी.

लातुरात दाखवायची सोय नव्हती, सगळे ओळखतात. नांदेडला गेले. नांदेडच्या अलीकडची विष्णुपुरी मागे पडेपर्यंत एसटीच्या सीटवर, खाली वर्तमानपत्र घालून. आपण काय अंथरलंय हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तिथल्या डॉक्टर बाई माझ्याहून बऱ्याच लहान. सोनोग्राफी बघून त्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणजे तुम्हीही काढायलाच सांगणार, असं म्हणून सुरू झाले. त्या पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तुम्हीच बोलताय."

मग त्यांनी कागदावर पिशवी काढली, उलट्या पेरूसारखी, आणि गाठी कुठे कुठे असतात ते दाखवलं. बाहेरच्या अंगाला, भिंतीत, आतल्या बाजूला. गाठ आहे म्हणून काही करायलाच पाहिजे असं नसतं, म्हणाल्या. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, पाळी कायमची गेली की बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात. रक्त जास्त जात असेल तर त्या दिवसांपुरत्या गोळ्या असतात, अंगात लोह भरून काढायचं असतं, हार्मोनच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं लूप असतं. काही महिने गाठी लहान करणारी इंजेक्शनं आहेत, पण ती तात्पुरती, बहुधा ऑपरेशनच्या आधी. मोठ्या शहरात गाठींकडे जाणारा रक्तपुरवठा बारीक नळीतून बंद करतात. पिशवी ठेवून नुसत्या गाठीही काढता येतात. मूल हवं असेल किंवा पिशवी ठेवायचीच असेल तिच्यासाठी ते चांगलं, पण पुन्हा होऊ शकतात. आणि सगळ्यात शेवटी पिशवी काढणं. तेही करायचं तर अंडाशयं चांगली असतील तर ती शक्यतो ठेवून, नाहीतर बाई एका दिवसात म्हातारी होते. प्रत्येकाचं बरं आणि वाईट त्यांनी सारख्याच आवाजात सांगितलं. एवढी वर्षं मी या विषयावर बोलतेय, आणि यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मला फक्त शेवटचं माहीत होतं, आणि त्याला नाही म्हणायचं.

गोळ्या काही महिने घेतल्या. रक्त चढेना. माझ्या गाठी पुष्कळ, पिशवीचा आकारच वेडावाकडा, लूप टिकणार नाही. रक्तपुरवठा बंद करायला हैदराबाद गाठावं लागणार. जाऊ शकता, असंही डॉक्टरांनी सांगितलं. मी विचार केला, चार वेळा जाऊन विचारलं, आणि ठरवलं. पिशवी काढायची, अंडाशयं ठेवायची. कुणी भीती घातली नाही, कुणी घाई केली नाही. ठरवल्यावर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की परतीच्या गाडीत मी तोंडावर पदर घेऊन बसले.

एवढंच असतं तर मी तुम्हाला लिहिलं नसतं. गेल्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्यायला गेले होते. बाकावर शेजारी मुखेडकडची एक बाई बसली होती. रोजानं जाणारी, माझ्याहून लहान, ओठ पांढरेफटक. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम खुलली. "ताई, तुमीच ना त्या? आमच्या मुखेडला बाजाराच्या दिवशी बोलल्या व्हत्या. पिशवी आमची, सुरी तुमची." मी मान हलवली. ती शेजारच्या बाईला सांगायला लागली, याच त्या ताई, लई बोलतात. मग माझ्याकडे सरकून, हळू आवाजात, जसं एखादी चांगली बातमी सांगावी तसं म्हणाली, "त्याच दिवशी मला दवाखान्यात भरती व्हायचं व्हतं. तुमचं ऐकलं आन् उठून घरी आले. न्हाई काढली, ताई. सासू लई बोलली, पण न्हाई काढली."

तेव्हापासून तिचं अंगावरून जात होतं. तेव्हापासून, बाई. मधल्या वर्षांत तिनं एकही गोळी घेतली नव्हती, कुठल्याच डॉक्टरकडे गेली नव्हती, कारण गेलं की काढतील ही भीती मीच तिच्या मनात घातली होती. आता शेतात दोनदा पडली म्हणून नवरा घेऊन आला होता. तो बाहेर तंबाखू मळत उभा होता. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझा शब्द पाळल्याचा अभिमान होता. मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, "काढू नका म्हणून सांगितलाव तुमी. मंग काय करायचं, ते ऱ्हाऊन गेलं बगा. आता काय करू म्हंता?"

स्टोच्या वर जाणारा आवाज, बाई, आणि एका बाईपुरतं एक वाक्य नव्हतं माझ्याकडे.

तिनं मला आणखी एक विचारलं, ते शेवटी सांगते. तिचा नंबर आला तेव्हा एकटीला आत जायला ती बिचकली, मला म्हणाली, ताई चला की संगं. गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही, त्यांचे उपकार. पुन्हा कागदावर तोच उलटा पेरू. तिची गाठ एकच होती, आतल्या बाजूला वाढलेली. पोट न फाडता खालूनच काढता येण्यासारखी, पिशवी जागच्या जागी ठेवून. आधी भरती करून रक्त द्यायचं, मग गाठ. डॉक्टर शहरी मराठी बोलत होत्या, ती नुसती हो हो करत होती, म्हणून मी मधे पडले आणि आपल्याकडच्या बोलीत एकेक गोष्ट तिला सांगितली. हे केलं तर असं, न्हाई केलं तर असं. गोळ्यांनी काय होतं, कशानं काय होत न्हाई. गाठ काढली तरी पुन्हा होऊ शकते, हेही. पिशवी काढणं हाही एक रस्ता आहे, तुला आज त्याची गरज दिसत नाही, पण एखादीला असते, आणि तिनं समजून काढली तर त्यात हरणं नाही, हे मी बोलले. बाजूनं. हळू आवाजात, टाळी नाही, कुणी वळून बघितलं नाही. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी गाठ काढायची, पिशवी ऱ्हाती?" हाव, म्हटलं. "हे मुखेडला का न्हाई सांगितलाव?"



स्टँडवर तुम्ही ते दुसरं भाषण माझ्याकडून का मागत होता, ते मला आता उमगतंय असं वाटतं. मला शिकवायला मागत होता, असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्हाला ते ऐकायचं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, काढा बाई, बऱ्या व्हा, लग्न न करताही तुम्हाला उभं राहून शिकवायचंय. ते तुम्हाला नांदेडला जाऊन एकटीलाच स्वतःशी बोलावं लागलं. आणि परत आलात तेव्हा मी तुमच्या घराकडे वळलेही नाही.

मुखेडला पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. तिथे हे सगळं सांगेन, पिवळ्या साडीसकट, असं मी ठरवलंय. ठरवणं मला सोपं जातं. या पत्राचं काय करायचं ते मात्र ठरत नाही. तुमचं निलंग्याचं घर विकलं गेलं, भाऊ पांगले. तुमच्या जांभळ्या साडीच्या घडीत ठेवून देईन.

राहिलेलं एक. बाकावर त्या बाईनं मला विचारलं होतं, "तुमी हितं कशाला आलाव, ताई?" ऑपरेशनच्या तारखेचा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हणाले, पाहणी करायला आलेय, दवाखान्यात बायांना कसं वागवतात ते बघायला. ती म्हणाली, "लई बरं केलाव. आमच्याकडं कोण बघतंय." तिला आणि मला एकाच सोमवारी भरती व्हायचंय.